एकच लेन्स घ्यायची, तर आधी अंतर मोजा

वाचकाचं पत्र:

‘मी एका धावण्याच्या क्लबमध्ये स्वयंसेवक आहे. आमच्या शर्यती सकाळी होतात आणि बक्षीस समारंभ त्याच मैदानावर, उघड्यावर, छोट्या स्टेजवर असतो. गेल्या वर्षी फोटोंचं काम माझ्याकडे आलं. माझा कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स वापरतो. स्टेजपासून नऊ मीटरवर दोरी बांधलेली असते, तिच्या पुढे जाता येत नाही. तिथून चेहरे लहान येतात आणि फोटोत स्टेजच जास्त दिसतं. शेवटी चाळीसेक जणांचा ग्रुप फोटो असतो. त्यात टोकाच्या माणसांचे चेहरे पसरट आले आणि दोघीजणी नाराज झाल्या. एक मित्र म्हणतो, ७०-२०० एफ २.८ घे. दुसरा म्हणतो, ८५ एफ १.८ घे. मला एकच लेन्स घेणं शक्य आहे. कोणती घेऊ?’

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती दोरी. मित्रांनी दोन चांगल्या लेन्स सुचवल्या, पण दोरी कुठे आहे, ग्रुप फोटोच्या वेळी मागे किती जागा आहे, हे त्यांनी विचारलेलं दिसत नाही. सकाळच्या उघड्या मैदानावर प्रकाशाला तोटा नसतो. तोटा असतो तो तुम्हाला हलायला लागणाऱ्या जागेचा. त्यामुळे एफचा आकडा (लेन्स किती उघडते ते; आकडा लहान तितका प्रकाश जास्त) तूर्त बाजूला ठेवू आणि किती अंतरावरून किती माणसं फ्रेममध्ये बसतात ते आधी पाहू.

माझं उत्तर आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या डोक्यात टांगती तलवार नको. तुमच्या कॅमेऱ्याला बसणारी १८-१३५ घ्या (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). कॅनन, सोनी आणि फुजीफिल्म यांनी ती याच आकड्यांनी काढलेली आहे, निकॉनची १८-१४० आहे. तुम्हाला सुचवलेल्या दोन्ही लेन्सइतका या लेन्सचा गाजावाजा होत नाही. तरी तुमच्या दोन्ही तक्रारी तीच मिटवेल.

आता हिशेब. क्रॉप सेन्सर साधारण २४ मिलिमीटर रुंद असतो (कॅननचा थोडा कमी, २२च्या आसपास). अंतराला २४ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरने भागा; फ्रेममध्ये किती मीटर रुंदी मावेल ते कळतं. नऊ मीटरवरून ५५ला सुमारे ३.९ मीटर मावतात. बक्षीस देणारा आणि घेणारा मिळून सव्वा-दीड मीटर जागा घेतात, म्हणजे उरलेली अडीच मीटर रुंदी स्टेजच्या फळ्या, माइकचा खांब आणि बॅनर यांनी भरते. तुमची तक्रार अगदी बरोबर आहे. त्याच दोरीवरून दोघांचे पूर्ण उंचीचे, पायांपासून डोक्यापर्यंतचे फोटो हवे असतील तर ६५ मिलिमीटरच्या आसपास लागेल, आणि कमरेपासून वरचे हवे असतील तर १२०. म्हणजे बक्षिसांचं सगळं काम ६५ ते १२० या पट्ट्यात आहे. तुमची आत्ताची लेन्स त्या पट्ट्याच्या दारातच थांबते.

हाच हिशेब ७०-२००ला लावून बघा. नऊ मीटरवरून ७०ला तीन मीटर रुंदी मावते. वैयक्तिक बक्षिसांना उत्तम. मग सांघिक बक्षीस पुकारलं जातं, पाच धावपटू आणि बक्षीस देणारे दोघे असे सात जण ओळीत उभे राहतात, आणि टोकाचे दोघे फ्रेमबाहेर जातात. मागे सरकावं तर मागे प्रेक्षक. त्यातून ग्रुप फोटोला लेन्स बदलावीच लागेल, तीही धूळ उडणाऱ्या मैदानावर, चाळीस माणसं ताटकळत असताना. ती लेन्स एक ते दीड किलोची असते, हेही दोन तास हातात धरताना जाणवतं. खेळाच्या फोटोंसाठी, सभागृहातल्या कार्यक्रमांसाठी मी ती डोळे झाकून सुचवीन. तुमच्या सकाळच्या मैदानावर तिची खरी ताकद, म्हणजे ते २.८, जवळजवळ वापरलंच जाणार नाही.

का वापरलं जाणार नाही, तेही सांगते. फोटोग्राफीत एक जुना ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवलं तर शटर (तो किती वेळ उघडा राहतो ते) आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याइतका लागतो. आयएसओ १००ला १/१०० सेकंद. तिथून एफ ५.६वर आलात की शटर १/८००वर जातो. हस्तांदोलन गोठवायला १/२५० पुरतो, कुणी उड्या मारत स्टेजवर आलं तरी १/५०० पुष्कळ झाला. छताच्या सावलीत प्रकाश साधारण तीन पायऱ्यांनी उतरतो (दर पायरीला निम्मा), तेव्हा आयएसओ ४०० करा, एफ ५.६लाच १/४००च्या जवळपास मिळेल. म्हणजे लोक ज्याला ‘स्लो लेन्स’ म्हणून नाक मुरडतात, ती तुमच्या कामाला पुरून उरते. उलट एफ १.८ पूर्ण उघडून भर उन्हात उभे राहिलात तर शटर १/८००० मागेल, आणि सुरुवातीच्या किमतीतले बरेच कॅमेरे १/४०००वरच थांबतात. मग फोटोतले उजळ भाग पांढरेफटक.

८५ एफ १.८बद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तिच्याबाबतीत मी स्वतः पोळले आहे. सुरुवातीच्या काळात अशाच एका उघड्यावरच्या सत्कार समारंभाला मी ८५ घेऊन गेले होते. मागचं सगळं विरघळून जावं म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवली. अंतर पाच मीटर. एक बाई बक्षीस घ्यायला आल्या, कित्येक वर्षांच्या कामाचं ते पहिलंच कौतुक होतं आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी तो क्षण टिपला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तो सुरेख दिसला. घरी मोठ्या पडद्यावर उघडला तेव्हा चषकावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती, पाहुण्यांचा कान टोकदार होता, आणि त्या बाईंचे डोळे मात्र धूसर होते. क्रॉप सेन्सरवर ८५ला, एफ १.८ला, पाच मीटरवर पुढून मागे जेमतेम पाव मीटर भागच नीट फोकसमध्ये राहतो. देणारा आणि घेणारा एकमेकांकडे वळून उभे असतात, मध्ये चषक असतो. तिघं पाव मीटरमध्ये कसे मावतील? चकाकणारा चषक पुढे होता, ऑटोफोकसने तोच पकडला. तो फोटो मी त्या बाईंना दिला, पण देताना मला फार वाईट वाटलं. तो क्षण पुन्हा घडवता येत नाही.

त्या दिवसापासून बक्षिसाच्या फोटोंना मी एफ ५.६च्या खाली उतरत नाही. नऊ मीटरवर, १२० मिलिमीटरला, एफ ५.६ला सव्वा मीटरच्या आसपास फोकसची खोली मिळते. दोघांचे चेहरे, चषक, प्रमाणपत्र, सगळं त्यात येतं. मागचं बॅनर किंचित मऊ होतं, पण वाचता येतं, आणि बॅनरवरचं नाव वाचता यावं असं आयोजकांना वाटतंच. फोकसचा बिंदू नेहमी बक्षीस घेणाऱ्याच्या डोळ्यावर. देणारा कितीही मोठा असो, फोटो घेणाऱ्याचा असतो.

दोरीचा तुम्हाला राग आलेला दिसतो, पण ती दोरी तुमचं एक भलंही करते. स्टेज मीटरभर उंच असेल आणि तुम्ही तीन मीटरवर जाऊन उभे राहिलात, तर वरच्या माणसांच्या चेहऱ्याकडे तुम्ही जवळजवळ वीस अंशांच्या कोनातून वर बघता. फोटोत येतात त्या हनुवट्या आणि नाकपुड्या. तेच नऊ-दहा मीटरवरून, लांब झूमने काढलं तर कोन सहा-सात अंशांवर येतो आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. त्यामुळे दोरी पुढे घ्या म्हणून भांडू नका. दोरीला चिकटून, बरोबर मधोमध एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवा म्हणा, आणि समोर कुणी फोन उंचावून उभं राहणार नाही एवढं बघायला सांगा.

तुम्ही क्लबचेच आहात, तेव्हा लेन्सइतकीच मोलाची एक गोष्ट तुमच्या हातात आहे: स्टेजचं तोंड कुठे करायचं ते. समारंभाच्या आधी कधीतरी त्याच वेळी मैदानावर जा आणि सूर्य कुठे आहे ते पाहून ठेवा. ऊन थेट चेहऱ्यावर आलं तर सगळे डोळे बारीक करतात. टोप्या घातलेल्या असतील तर अर्धा चेहरा काळा होतो. सूर्य माणसांच्या मागे, जरा बाजूला असेल तर चेहऱ्यावर एकसारखी मऊ सावली राहते; मग एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी वाढवा आणि लेन्सवर हूड (बाजूचं ऊन अडवणारी कडी) लावा. स्टेजवर रंगीत कापडाचं छत असेल तर त्याचा रंग चेहऱ्यांवर उतरतो, निळ्या कापडाखाली तर सगळे आजारी दिसतात. पांढरं छत मागा. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशच्या भरवशावर राहू नका, उन्हात नऊ मीटरवर त्याचा प्रकाश पोहोचतच नाही.

हस्तांदोलनाचा क्षण लोक समजतात त्याच्या जरा नंतर येतो. हात मिळतात तेव्हा दोघंही हाताकडे किंवा एकमेकांकडे बघत असतात. मग ते प्रेक्षकांकडे वळतात, तेव्हा चेहऱ्यावर एक ठरीव हसू असतं. त्यानंतर, फोटो झाला असं वाटून खांदे सैल सोडतात, त्या अर्ध्या सेकंदात खरं हसू येतं. बोट बटणावरून उचलू नका. काच लावलेलं प्रमाणपत्र असेल तर त्यात आकाश चमकतं. वरची कड किंचित पुढे झुकवायला सांगितलं की चमक जाते. आणि चषक छातीशी धरायचा, तोंडासमोर नाही, हे सूत्रसंचालकाला आधी सांगून ठेवा. त्याच्याकडे माइक आहे, तुमच्याकडे नाही.

आता ग्रुप फोटो. त्या दोघींची नाराजी मला पटते, आणि दोष तुमच्या लेन्सच्या दर्जाचा नव्हता. तुम्ही बहुधा जवळ उभं राहून झूम १८वर नेला. रुंद कोनात, फ्रेमच्या कडेला असलेली गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते, आणि माणसाचं डोकं गोलच असतं. क्रॉप सेन्सरवर १८ला अगदी कडेचा चेहरा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने रुंद होतो. २४ला तो ताण दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो, ३५ला पाच-सहा टक्के, म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही. महागातली महाग लेन्स लावली तरी हा ताण जात नाही. तो भूमितीचा आहे. त्याला एकच इलाज: मागे जा आणि झूम वाढवा.

किती मागे? चाळीस माणसं तीन ओळींत म्हणजे एका ओळीत तेरा-चौदा. खांद्याला खांदा लावून सहा-सात मीटर होतात, दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा धरून आठ मीटर. वरच्या सूत्रातच एक सोय लपलेली आहे: झूम २४वर असेल तर तुम्ही जितके मीटर मागे, तितकेच मीटर रुंदी फ्रेममध्ये मावते. म्हणजे २४ला आठ मीटर मागे, ३५ला पावणेबारा. मैदानावर तेवढी जागा नक्की असेल. बारा मोठी पावलं टाका, ३५वर या आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावा. ७०-२००ने हाच फोटो काढायचा तर सव्वातेवीस मीटर मागे जावं लागेल, ८५ने अठ्ठावीस. तिथून तुमचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचायचा नाही, आणि ग्रुप फोटोत अर्धं काम आवाजाचं असतं.

लोकांना अर्धगोलात उभं करायची पद्धत आहे. जागा कमी असून रुंद कोन वापरावा लागला तर ते टाळा. अर्धगोलाची टोकं कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि आधीच ताणलेले कडेचे चेहरे आणखी मोठे होतात. सरळ ओळ बरी. कडेला सडपातळ माणसं उभी करा असंही काही जण सांगतात. मला ते आवडत नाही. कडेला कुणीही असलं तरी चांगलंच दिसलं पाहिजे, आणि बारा मीटर मागे गेलात की दिसतंच.

ओळींची उंची मात्र नीट लावा. पुढची ओळ बसलेली, मधली उभी, मागची बाकावर किंवा स्टेजच्या पायरीवर. प्रत्येकाला एकच सूचना द्या: ‘तुम्हाला माझी लेन्स दिसत नसेल, तर तुम्ही मला दिसत नाही.’ माणसं आपोआप सरकतात. तुम्ही स्वतः एखाद्या भक्कम स्टुलावर चढा. थोड्या उंचीवरून मागचे चेहरे मोकळे होतात. ३५ला, बारा मीटरवरून, एफ ८ला तिन्ही ओळी सहज फोकसमध्ये येतात आणि झूम लेन्सच्या कडासुद्धा त्या आकड्याला सगळ्यात स्वच्छ असतात. फोकस मधल्या ओळीतल्या एखाद्या चेहऱ्यावर. जास्त खोली मिळेल म्हणून एफ १६ किंवा २२ला जाऊ नका, तिथे सगळं चित्रच किंचित मऊ होतं.

मिटलेले डोळे हा ग्रुप फोटोचा जुना शाप. त्यावर ऑस्ट्रेलियात निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी चक्क गणित मांडलं आणि २००६ साली त्यांना त्यासाठी गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं) पारितोषिक मिळालं. त्यांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या प्रकाशात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी प्रकाशात दोनने, आणि तितके फोटो काढा. बहुधा एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतील. बारा जण, चार फोटो. चाळीस जणांना हा नियम लागू नाही. तिथे मी पंधरा तरी काढते, तेही एकदम धडाधड न काढता तीन-तीनच्या झुबक्यांत, मध्ये दोन शब्द बोलत. समोर ऊन असेल तर सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीन म्हणताच उघडायला सांगा आणि लगेच बटण दाबा. आणि कुणालाही जागेवरून हलू देण्याआधी पडद्यावर मोठं करून दोन्ही टोकांचे चेहरे बघा. दहा सेकंद लागतात. त्या दोघी ज्या जागी उभ्या असतील, तिथे आधी बघा.

समारंभ संध्याकाळी असता तर मी वेगळं लिहिलं असतं. सूर्य मावळला की प्रकाश मिनिटामिनिटाला उतरतो, तिथे १८-१३५ धापा टाकते आणि २.८ची लेन्स खरंच उपयोगी पडते. क्लबचे कार्यक्रम पुढे संध्याकाळी सरकणार असतील तर ७०-२००चा विचार जरूर करा, आणि ग्रुप फोटोसाठी १८-५५ सोबत ठेवा. ती विकू नका. १८-१३५ वापरलेली घेत असाल तर लेन्स उजेडाकडे धरून आतून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सोडून द्या. झूम फिरवताना कुठे अडकत नाही ना, आणि लेन्स खाली धरल्यावर आपोआप घसरून लांब होत नाही ना, हेही बघा.

पण काहीही घेण्याआधी एक संध्याकाळ काढा. गेल्या वर्षीचे सगळे बक्षिसांचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ५५ दिसलं, तर तुम्ही लेन्सच्या टोकाला जाऊन अडकत होता आणि वर लिहिलंय ते सगळं तुम्हाला लागू आहे. पण बहुतेक ठिकाणी ३५-४० निघालं, तर याचा अर्थ घाईगडबडीत झूम पूर्ण फिरवलाच गेला नव्हता. तसं असेल तर या वर्षी पैसे खिशातच राहू द्या, हीच लेन्स ५५ला नेऊन बक्षिसं काढा, ३५ला नेऊन ग्रुप काढा, आणि मला पुन्हा लिहा.